संखेड्याची मुद्गलजोडी: मुलींच्या कॉलेजसाठी घ्यावी, पण मुठीला लाख लावू देऊ नये

वडोदऱ्यात मुद्गलाचा, म्हणजे मूठ धरून फिरवायच्या लाकडी व्यायामसाधनाचा, विषय निघाला की व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांचे आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव येतेच, आणि डोळ्यांपुढे उभी राहते ती पैलवानी, जड जोडी. कॉलेजच्या मुलींच्या वर्गाला ती चालत नाही. त्यांच्यासाठी हलकी सागवानी जोडी लाखेच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्याच्या एका खराद्याकडून कातून घेतली, तिचे हे परीक्षण.

उंची ४५ सेंमी, पोटाचा व्यास ७ सेंमी, मुठीचा २.६ सेंमी. एका मुद्गलाचे वजन ५६० ते ६०० ग्रॅम भरते आणि एका जोडीतल्या दोन मुद्गलांत २० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नाही. हे महत्त्वाचे, कारण एक हात जड पडला की पाच मिनिटांत ताल तुटतो. तोल मुठीच्या टोकापासून ३० सेंमीच्या आसपास सापडतो. बोटावर आडवा धरून हे दुकानातच तपासावे. तोल याहून मुठीकडे सरकलेला असेल तर मुद्गल स्वतःच्या वजनाने फिरत नाही, मनगटाला तो ओढावा लागतो.

इतके कमी वजन पाहून जुने आखाडेवाले नाक मुरडतील. पण हलक्या जोडीची परंपरा अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयांत चांगली रुजलेली होती. मुद्गल इथूनच इंग्रज फौजेमार्फत इंग्लंडला गेला, आणि १८६२ मध्ये सिम केहो यांनी न्यूयॉर्कमध्ये तो बनवून विकायला सुरुवात केली. त्याच दशकात डायो लुईस यांनी लाकडी डंबेल्स, कड्या, काठ्या आणि मुद्गल घेऊन संगीतावर करायची हलकी कवायत अमेरिकेत पसरवली. १८६५ मध्ये उघडलेल्या व्हासार महिला महाविद्यालयाच्या आराखड्यातच व्यायामशाळा होती. पुढे १८७३ मध्ये बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी कॉलेजच्या अभ्यासाने मुलींची प्रकृती ढासळते असा दावा केला. महिला महाविद्यालयांनी त्याला सक्तीच्या व्यायामाने उत्तर दिले. हे उत्तर फार मोलाचे होते. मुलींच्या शिक्षणाची बाजू तेव्हा व्यायामाच्या तासाने सांभाळली.

मग मुद्गल मागे का पडला? १८८९ मध्ये बोस्टनला एमी मॉरिस होमन्स यांच्या देखरेखीखाली शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडवणारी संस्था सुरू झाली. तिथे भर स्वीडिश पद्धतीवर होता, आणि त्यातल्या बऱ्याच कसरतींना हातात साधन लागतच नाही. १९०९ मध्ये ही संस्था वेल्स्ली महाविद्यालयात विलीन झाली. दरम्यान याच संस्थेत शिकलेल्या सेंडा बेरेन्सन यांनी १८९३ मध्ये स्मिथ महाविद्यालयात मुलींचा बास्केटबॉल उभा केला होता. मैदानी खेळ आले ते चांगलेच झाले, पण खांदा सर्व बाजूंनी मोकळा करणारे साधन त्या ओघात गेले, हे नुकसानच म्हणायला हवे.

आता जोडीतले दोष. खराद्याने नेहमीच्या फर्निचरसारखी आख्ख्या मुद्गलाला लाख चढवली. दिसायला देखणी, पण घामाने मूठ निसरडी होते आणि डोक्यामागून फिरवताना मुद्गल सुटू शकतो. उपाय सोपा आहे. मुठीवरची लाख १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावी, २२० नंबरने गुळगुळीत करावी आणि अळशीच्या तेलाचे दोन पातळ हात द्यावेत, मध्ये दोन-तीन दिवस वाळू देऊन. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावेत.

दुसरा दोष मुठीच्या टोकाच्या गोळ्याचा. तो ३.२ सेंमीचा निघाला. मुठीपेक्षा किमान १.२ सेंमी जाड हवा, म्हणजे करंगळीखाली अडतो. ऑर्डर देताना पुठ्ठ्याचा फर्मा कापून द्यावा, तोंडी मापांवर सोडू नये. लाकडाचे रेषे मुद्गलाच्या मानेपाशी, म्हणजे मूठ पोटाला मिळते तिथे, सरळ उभे आहेत का, गाठ तर नाही ना, हेही पाहावे. फिरवताना सगळा ताण मानेवर येतो. तिथे रेषा तिरकी असेल तर मुद्गल तुटून त्याचा जाड भाग शेजारणीकडे उडतो.

वर्गासाठी जागा आधी मोजावी. हात आणि मुद्गल मिळून एका बाजूला मीटरभराहून जास्त जागा लागते, म्हणून दोघींत अडीच मीटर अंतर. वीस मुलींना साधारण १२ बाय १० मीटरचा हॉल पुरतो. ओढणी कमरेला बांधायची, बांगड्या काढायच्या, वेणी अंबाड्यात घ्यायची. आधी एका हाताने लंबकासारखा झोका, मग बाहेरचा पूर्ण फेर, मग आतला, आणि शेवटी खांद्यामागचा छोटा फेर. दोन्ही हात त्यानंतर. मनगट दुखल्याची तक्रार आली तर बहुतेक वेळा मूठ घट्ट आवळलेली असते. अंगठा व तर्जनीच्या बेचक्यात मुद्गल सैल फिरू द्यावा. मागच्या फेराला कंबर मागे वाकत असेल तर फेर लहान करावा.

ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्सचे प्लॅस्टिकचे क्लब याला पर्याय नाहीत. त्यांना किमान १५० ग्रॅम वजन पुरते, कारण ते उडवून झेलायचे असतात. खांद्याला त्यांचा भार जाणवतच नाही.

सागवान पावसाळ्यातही वाकत नाही, तरी जोड्या भिंतीला उभ्या टेकवू नयेत. लादीवर पडून तळाच्या कडा फुटतात. भोके पाडलेल्या फळीत मुठीकडून अडकवून ठेवाव्यात, आणि वीस जोड्या हव्या असतील तर बावीस मागवाव्यात. वजनाने न जुळणारा मुद्गल त्यातून बदलता येतो.