बोथ्रिओलेपिस की डंकलिओस्टिअस?

चिलखती माशांच्या, म्हणजे हाडाचं कवच असलेल्या नामशेष माशांच्या, एकाच प्रजातीवर काम करायचंय आणि या दोघांत अडलात, तर आकार विसरा. आधी जीवाश्मात काय टिकलंय ते बघा.

डंकलिओस्टिअसचं डोक्याचं आणि छातीचं कवच मिळतं, मुख्यतः अमेरिकेतल्या ओहायोत. मागचा कूर्चेचा भाग टिकलेला नाही, त्यामुळे लांबीचे अंदाज डळमळतात: आधी 8-9 मीटर सांगत, 2023 मध्ये ते सुमारे 4 वर आले.

बोथ्रिओलेपिस साधारण 30 सेंटिमीटरचा, पण कॅनडात मिगुआशाला अख्खे नमुने सापडतात आणि जाती थेट अंटार्क्टिकापर्यंत. हाडाच्या पट्ट्यांनी मढवलेले, मध्येच सांधा असलेले त्याचे पुढचे पर तर बघतच राहावेत!

जबडा अभ्यासायचा तर डंकलिओस्टिअसच. एकमेकांवर घासून धार येणारी हाडाची पाती दुसरीकडे इतकी ठसठशीत दिसत नाहीत. पूर्ण शरीररचना किंवा भौगोलिक प्रसार हवा, तर बोथ्रिओलेपिस.