सांगत्ये ऐका: ‘भूमिका’ बाजूला ठेवून वाचायचं पुस्तक

मराठी चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांचं हे आत्मकथन आज बहुतेकांच्या हाती पडतं ते ‘भूमिका’ पाहून झाल्यावर, आणि तिथेच वाचन फसतं. श्याम बेनेगल यांचा १९७७चा तो चित्रपट याच पुस्तकावर बेतलेला आहे. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पडद्यावरची नायिका उषा थबकते, विचारात पडते. पुस्तकातल्या हंसाबाई थबकत नाहीत. मोठ्यातली मोठी गोष्ट दोन वाक्यांत उरकून त्या पुढे जातात. उषाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून वाचलं की हा कोरडेपणा निसटतो, आणि पुस्तकाचं बळ तर त्यातच आहे.

शब्दांकन अरुण साधू यांचं. आधी ‘माणूस’ या नियतकालिकातून आणि १९७०मध्ये पुस्तकरूपाने हे आलं, पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. साधूंनी बोलण्याचा बाज मोडला नाही, हे त्यांचं श्रेय. त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते: आठवण येईल तशी गोष्ट पुढेमागे होते, सालं क्वचितच सापडतात. म्हणून त्यांच्या चित्रपटांची एक छोटी यादी शेजारी ठेवावी. ‘विजयाची लग्ने’ १९३६, प्रभातचा ‘संत सखू’ १९४१, ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७, ‘पुढचं पाऊल’ १९५०, ‘सांगत्ये ऐका’ १९५९. एवढ्या पाच खुणा असल्या की कुठला प्रसंग कधीचा याचा अंदाज लागतो.

सिनेमाच्या इतिहासासाठी घेत असाल तर निराशा होईल. सेट, कॅमेरा, दिग्दर्शकांच्या पद्धती यांवर फार कमी मजकूर आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंद थिएटरला अडीच वर्षांहून जास्त चालला; असल्या विक्रमांची मिरवणूक इथे नाही. (चित्रपटाचंच नाव घेतलेल्या पुस्तकात हे जरा गमतीचंच.)

आहे तो पैशाचा आणि घराचा हिशेब. रतन साळगावकर ही मुलगी घर चालवायला कोवळ्या वयात स्टुडिओत गेली आणि हंसा वाडकर झाली. लग्नानंतर संसार करायचा म्हटलं, तर त्या संसाराची चूलही तिच्याच कमाईवर पेटायची. गर्भपात, दारू, घर सोडणं, मराठवाड्यातल्या खेड्यात कोंडल्यासारखे गेलेले दिवस. यातलं काहीच त्या सजवत नाहीत, आणि स्वतःची बाजू धुऊनही काढत नाहीत. कुणावर सूड उगवायचा असता तर इतकं थंडपणे सांगता आलं नसतं. मात्र नवऱ्याकडे पुन्हापुन्हा परत का गेल्या, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. संपादकाने तिथे आणखी खोदायला हवं होतं.

पुस्तक लहान आहे, एका बैठकीत संपतं. तरी दोन टप्प्यांत वाचावं. मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ पाहून घ्यावा. राम जोशी झालेल्या जयराम शिलेदारांसमोर हंसाबाईंनी रंगवलेली तमासगीर बया नुसती नाचत नाही, सवाल टाकताना समोरच्याला जोखते. जुन्या प्रतींमध्ये आवाज बऱ्याचदा खरखरतो, तेव्हा हेडफोन लावलेले बरे. नाहीतर सवालजवाबांतले शब्द हरवतात. त्यानंतर ‘सांगत्ये ऐका’: ‘बुगडी’ची लावणी जयश्री गडकरांची, पण आईच्या भूमिकेतल्या हंसाबाईंकडे लक्ष ठेवा. ‘भूमिका’ सगळ्यात शेवटी.