आमच्या नावानं छापलेला बर्फाचा सल्ला

जानेवारीतली सकाळ होती, थंडी कडाक्याची. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावातून आशाताईंचा फोन आला. "ताई, दुखत असंल तर बर्फानं शेका, असं लिहून आहे जी आपल्या वेबसाईटवर. पोराच्या आईनं दुकानातून बर्फ आणून रातभर लावला. पोरगा अजूनच तडफडून राहिला."

पोरगा 9 वर्षांचा, सिकलसेलचा रुग्ण. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथं असह्य कळा सुरू होतात. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे थंडीत या कळा अनेकदा उसळतात. शिबिरांमध्ये आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो की ऊब द्या, पाणी भरपूर पाजा, ताप आला किंवा कळा थांबेनात तर दवाखाना गाठा. आणि आमच्याच संस्थेच्या बोधचिन्हाखाली बर्फ लावायला सांगितलं गेलं होतं. मुलाला 108 च्या गाडीनं जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. चार दिवसांनी तो घरी आला, म्हणून हे लिहायला माझा हात उचलतो आहे.

ज्यांनी हे केलं ते अजूनही छोट्या संस्थांना फोन करत असतील, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

2023 च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आमच्या भागातही तपासण्या वाढल्या आणि हातात रिपोर्ट आलेली माणसं प्रश्न विचारू लागली. वाहक म्हणजे काय? पोरीचं लग्न कसं करायचं? गोळी किती वर्षं घ्यायची? आमच्या वेबसाईटवर याची उत्तरं नव्हती. होते ते वार्षिक अहवाल, "सदर प्रकल्पांतर्गत लाभार्थ्यांना" अशा भाषेतले, आम्हीच लिहिलेले आणि देणगीदारांनी वाचायचे. पुढं एका कंपनीच्या सीएसआर (समाजकार्यासाठीच्या) निधीत माहिती-प्रसारासाठी रक्कम मंजूर झाली, तेव्हा कार्यकारिणीनं ठरवलं की हे काम लिहिणाऱ्या माणसांकडूनच करून घ्यायचं. तो निर्णय योग्यच होता, असं मी आजही म्हणते.

संस्थांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या एका एजन्सीचा निरोप फिरत होता. आम्ही फोन केला, आणि आठ दिवसांत त्यांचा माणूस नागपुरात भेटायला आला. बोलण्यात मुरलेला. 'कंटेंट स्ट्रॅटेजी' या शब्दाखाली त्यानं एक सुरेख आराखडा मांडला: वर्षभराचं वेळापत्रक, 60 लेख, रुग्ण, पालक आणि शिक्षक असे वेगळे वाचकगट, दर महिन्याला अहवाल. नमुना म्हणून तीन मराठी लेख दाखवले. त्यातला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या मुलाच्या आईवरचा लेख वाचून मी खरंच गलबलले होते. असं आपल्या मुलांबद्दल कुणी लिहिलं तर, असं वाटलं आणि तिथंच माझं मन वळलं.

आज त्या बैठकीची टिपणं काढून बघते तर एक गोष्ट ठळक दिसते. दोन तासांत त्या माणसानं आमच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. कोणत्या गावांत काम आहे, तिथं कोणती भाषा बोलतात, लोकांच्या घरात काय गैरसमज आहेत, लेख वैद्यकीयदृष्ट्या कोण तपासणार, काहीच नाही. मागितलं ते बोधचिन्ह, वेबसाईटचा पासवर्ड आणि डोमेनचा, म्हणजे वेबसाईटच्या पत्त्याचा ताबा. "एकदा आमच्या सर्व्हरवर घेतलं की तुम्हाला कशाचीच चिंता नको," असं म्हणाला. डोमेन आधी गावातल्या एका मुलानं नोंदवून दिलं होतं. त्याच्याकडून कोड घेऊन मी स्वतःच ते त्यांच्या खात्यात हलवायला सांगितलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये करार झाला. लेखामागे 6,000 रुपये, एकूण 3,60,000, अर्धे आगाऊ. 1,80,000 वर 18 टक्के जीएसटी 32,400. त्यातून मूळ रकमेवर 10 टक्के टीडीएस (सरकारकडे भरायला आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर), म्हणजे 18,000 कापून आम्ही 1,94,400 रुपये त्यांच्या खात्यात भरले. करार दीड पानाचा होता. लेख कोण लिहिणार याचा त्यात उल्लेख नव्हता, आणि लेखांचा हक्क कुणाचा हेही नव्हतं. आपण पैसे दिले म्हणजे लेख आपला, अशी माझी समजूत होती. वकिलांनी नंतर समजावलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाचं लिखाण मुळात त्याचंच असतं. ते आपल्याकडे यायचं तर लेखी आणि सहीचं हस्तांतर लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते.

नोव्हेंबरमध्ये 9 दिवसांत 22 लेख आले. आम्हाला आनंद झाला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. या विषयावरचा एक लेख नीट लिहायला आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यायला आठवडा लागतो, हे आता मला ठाऊक आहे. आमच्याकडे तेव्हा लसीकरणाची आणि तपासणीची शिबिरं एकापाठोपाठ होती. मी पहिले दोन लेख वरवर वाचले, ते बरे होते. बाकीचे त्यांनी परस्पर चढवले.

आशाताईंच्या फोननंतर रात्री बसून मी सगळे 22 लेख वाचले. एकात होतं, "तीव्र वेदना झाल्यास तातडीने 911 वर फोन करा." हा अमेरिकेतला नंबर. दुसऱ्यात, "हा आजार मुख्यतः आफ्रिकन-अमेरिकन समाजात आढळतो." माझ्यासमोर गोंड, माडिया, महार घरांतली मुलं वाढली आणि त्यांच्या आयांसाठी आम्ही हे छापलं होतं. "लहान मुलांना फटका बसू शकतो" या वाक्याचा अर्थ मला किती तरी वेळ लागेना. मग लक्षात आलं, इंग्रजीतल्या 'स्ट्रोक'चं ते शब्दशः भाषांतर होतं, तिथं पक्षाघात म्हणायचं होतं. सिकलसेलच्या लहान मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका खरोखर असतो, आई-बापांनी ओळखायलाच हवा असा तो धोका, आणि तो त्या एका शब्दात हरवून गेला होता. इंग्रजी पानं यंत्रातून काढून, कुणाच्याही नजरेखालून न घालता, आमच्या माथी मारली होती. बर्फाचा सल्लाही तसाच, साध्या मुरगळण्याच्या लेखातून उचललेला.

त्याहून वाईट एक वाक्य होतं: "वाहक व्यक्तीला आयुष्यभर उपचार घ्यावे लागतात." हे साफ खोटं आहे. वाहक माणसाकडे आजाराचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेलं असतं; तो सहसा निरोगी असतो, त्याला उपचार लागत नाहीत. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर दर खेपेला मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. जोडीदाराचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर मुलं फार तर वाहक होतात. आमच्या परिचयातल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी हाच लेख मोबाईलवर दाखवून मोडलं. मुलगी वाहक, मुलाचा रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे त्या घरात आजारी मूल होण्याची भीतीच नव्हती. मी स्वतः त्यांच्या घरी गेले, रिपोर्ट समोर ठेवून समजावलं. "तुमच्याच संस्थेनं लिहिलं आहे ना?" असं मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यावर मला उत्तर देता आलं नाही. ते लग्न पुन्हा जुळलं नाही.

पैशांची भानगड त्याच महिन्यात आमच्या हिशेबनीस काकांनी काढली. टीडीएसचं तिमाही विवरण भरताना त्यांनी एजन्सीचा पॅन तपासला. पॅनमधलं चौथं अक्षर तो क्रमांक कुणाचा आहे ते सांगतं: व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', भागीदारी फर्मसाठी 'एफ'. बिलावर "प्रायव्हेट लिमिटेड" छापलं होतं, आणि पॅनचं चौथं अक्षर 'पी'. मग काकांनी बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहिला. तो 15 अक्षरांचा असतो आणि त्यात तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत धारकाचा पॅनच असतो. तिथं निघाला भलताच पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर नाव आलं एका वेगळ्याच कंपनीचं, नोंदणी रद्द झालेली. 32,400 रुपये कर म्हणून घेतले होते ते दुसऱ्याच्या मेलेल्या क्रमांकावर. हे सगळं तपासायला काकांना वीस मिनिटं लागली. पैसे भरण्याआधी ही वीस मिनिटं कुणी दिली असती तर! काका त्या आठवड्यात भाचीच्या लग्नाला गेले होते आणि निधी लवकर खर्ची टाकायची मलाच घाई होती.

एजन्सीला फोन केले. आधी "टीम बघते आहे", मग "उरलेली रक्कम भरा, लेख दुरुस्त करू", मग फोन बंद. लेख तरी काढून टाकावेत म्हणून मी वेबसाईटमध्ये शिरायला गेले, तर पासवर्ड बदललेला. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. आमच्या नावावर नव्हतंच. दर महिन्याला येणाऱ्या अहवालात 11,000 भेटी दाखवल्या होत्या. आम्हाला मिळायचं ते फक्त पीडीएफ, आकडे जिथून येतात तिथं शिरायची परवानगी कधीच दिली नव्हती. त्या भेटी खऱ्या होत्या की रचलेल्या, हे सांगण्यासारखं आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

पोलिसांत गेलो. पहिल्या दिवशी उत्तर मिळालं, "काम पसंत पडलं नाही, हा दिवाणी वाद आहे." दुसऱ्यांदा जाताना पॅन आणि जीएसटीचे कागद सोबत नेले, तेव्हा ठाणेदारांनी नीट ऐकून घेतलं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार घेतली. लेख वाईट आहेत यावर कुणी हललं नाही, खोटा क्रमांक दाखवल्यावर हललं. जीएसटी खात्याला वेगळं पत्र दिलं. सीएसआरच्या कंपनीला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. निधी कसा खर्च झाला हे सांगणाऱ्या विनियोग प्रमाणपत्रात ती रक्कम खर्च म्हणून दाखवायला कार्यकारिणीनं नकार दिला, ती आम्ही सभासदांच्या वर्गणीतून भरतो आहोत.

आणि तो हिमोफिलियाचा लेख? त्यातलं एक वाक्य अवतरणात टाकून गूगलवर शोधलं, तर मूळ लेख लगेच सापडला. लेखिका नाशिकच्या. एजन्सीचं नाव त्यांनी ऐकलेलंही नव्हतं. हे शोधणं मला नागपुरातल्या त्या बैठकीतच, मोबाईलवर, करता आलं असतं.

त्यांना आधी कळवणं माझं कर्तव्य होतं म्हणून फोन केला होता. त्या संतापल्या, मग शांतपणे ऐकत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे आलेली आई सगळ्यात आधी काय विचारते?" मी म्हटलं, "माझी चूक झाली का, हे विचारते." थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. आता त्या आमच्यासाठी लिहितात. दोनदा शिबिरात येऊन दिवसभर बाकावर बसल्या, आयांशी बोलल्या, आशाताईंकडून शब्द टिपून नेले. महिन्याला दोनच लेख. प्रत्येक लेख आमचे डॉक्टर सही करून तपासतात, मग तो दोन आयांना वाचून दाखवतो, आणि त्यांना अडलेलं वाक्य बदलतो. पैसे लेख हातात आल्यावर, हक्काचं हस्तांतर लेखी. पहिल्या लेखाचं नावच आहे "आई, तुझी चूक नाही". दोन जनुकं आई-बाप दोघांकडून कशी येतात, ते त्यात ज्वारीच्या बियाण्याच्या उदाहरणानं सांगितलं आहे. आशाताई तो गावात मोठ्यानं वाचतात.

नवीन डोमेन संस्थेच्या नावानं घेतलं, त्याचा पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असतो. जुना पत्ता मात्र अजून त्यांच्याच ताब्यात आहे. परत मिळवण्याची प्रक्रिया चालू आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा उघडून पाहिला. बोधचिन्ह आमचं, फोटोतली मुलं आमची, आणि खाली बर्फाचा तो लेख तसाच आहे. थंडी पुन्हा तोंडावर आली आहे. आम्ही 140 गावांत पत्रकं छापून पाठवली आहेत: कळा आल्या तर बर्फ नाही, ऊब.