लूज पावडर की कॉम्पॅक्ट: रोजच्या मेकअपसाठी काय घ्यावं?

फेस पावडर घ्यायची ठरली की बहुतेक जणी आधी त्वचा तेलकट की कोरडी एवढंच पाहतात. ते पाहायला हवंच. पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या: पावडर तुम्ही दिवसातून कधी लावणार आहात? सकाळी एकदाच, घरच्या आरशासमोर? की दुपारी, संध्याकाळी, बाहेर असतानाही? लूज की कॉम्पॅक्ट याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं, कारण दोन्हींचं काम वाटतं तितकं सारखं नाही.

घटक पाहिले तर दोघींचं घराणं एकच. टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची बारीक पूड, अभ्रक, सिलिका, कधी मक्याचा किंवा तांदळाचा स्टार्च, आणि रंगासाठी आयर्न ऑक्साइड. लूज पावडर ही अशी पूड असते, जवळपास कोरडीच. कॉम्पॅक्टमध्ये त्याच पुडीत थोडं तेल किंवा सिलिकॉन, झिंक स्टिअरेटसारखे बांधून ठेवणारे पदार्थ मिसळतात आणि ती पत्र्याच्या छोट्या ताटलीत दाबून बसवतात. कॉम्पॅक्टचा स्वभाव या बांधणीतून येतो. तो त्वचेला जरा जास्त धरतो, डाग जरा जास्त झाकतो, पण एकावर एक थर चढत गेले तर लवकर जड दिसतो. लूज पावडर हलकी बसते, तेल चटकन टिपते, झाकत मात्र फारसं काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगते: पावडरने चेहऱ्याला तेल सुटायचं थांबत नाही. ती आलेलं तेल शोषते, प्रकाश विखुरते म्हणून चकाकी कमी दिसते, आणि खालचं फाउंडेशन किंवा कन्सीलर (डाग आणि काळी वर्तुळं झाकणारं क्रीम) जागचं हलू देत नाही. इतकंच तिचं काम. सकाळी जाड थर दिला म्हणून चेहरा संध्याकाळपर्यंत कोरडा राहील अशी आशा ठेवू नका. दुपारी तोच थर तेलात भिजून नाकाच्या कडेला गोळा होतो.

लूज पावडरची खरी ताकद मेकअप बसवण्यात आहे. डोळ्यांखाली कन्सीलर लावला असेल आणि तो तासाभरात बारीक रेघांमध्ये जाऊन बसत असेल, तर तिथे लूज पावडरसारखं दुसरं काही नाही. पण पद्धत नीट हवी. डबीतली थोडीशी पावडर झाकणात काढा. पफला ती लावा, पफ दुमडून स्वतःवरच चोळा, म्हणजे पावडर त्याच्या तंतूंमध्ये शिरते आणि वर भुकटी उरत नाही. आता नजर वर करा, डोळ्याखाली जमलेल्या रेघा बोटाच्या टोकाने हलकेच सपाट करा आणि लगेच, त्या पुन्हा पडायच्या आत, पफ दाबा. दाबायचा, घासायचा नाही. घासलं की खालचा कन्सीलर पफबरोबर निघून येतो आणि तिथे ठिपक्याठिपक्यांची त्वचा दिसायला लागते. रेघ आधी सपाट न करता वर पावडर लावली तर ती रेघ आहे तशी पक्की होते, आणि मग दोष पावडरला दिला जातो.

पावडरचा जाड थर देऊन पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग झटकायचा, ही ‘बेकिंग’ची पद्धत व्हिडिओंमध्ये सतत दिसते. रंगमंचावर, प्रखर दिव्यांखाली तिला अर्थ आहे. रोजच्या उजेडात, हातभर अंतरावरून बघणाऱ्या माणसाला ती त्वचा कोरडीठाक आणि वयापेक्षा थकलेली दिसते. रोजसाठी मी ती कुणालाही सुचवणार नाही.

लूज पावडरची अडचण घराबाहेर सुरू होते. झाकण सैल राहिलं की पर्सचा तळ पांढरा. काळ्या कपड्यांवर पडली तर झटकताना अजून पसरते. लोकांमध्ये बसून ती लावणं अवघड, आणि घाईत ती हमखास जास्त लागते. शिवाय ती उडते, म्हणजे थोडी नाकातोंडातही जाते. दमा असेल, शिंका येत असतील, किंवा आसपास लहान मूल असेल तर हे मनावर घ्यायला हवं.

कॉम्पॅक्ट नेमका इथे जिंकतो. आरसा त्यातच, सांडण्याची भीती नाही, दोन मिनिटांत काम होतं. फक्त त्याच्यासोबत येणाऱ्या चपट्या स्पंजने पूर्ण चेहरा पुसत बसू नका. तो स्पंज गरजेपेक्षा जास्त पावडर उचलतो आणि एका जागी सोडतो. घरी असाल तर मऊ, भरगच्च ब्रश वापरा. त्याच कॉम्पॅक्टचा थर निम्म्याने हलका पडतो. बाहेर स्पंजच वापरायचा असेल तर आधी टिपकागदाने किंवा साध्या टिश्यूने तेल टिपा, दाबून, आणि मगच कपाळ, नाक, हनुवटीवर थोडी पावडर. तेलावर थेट पावडर लावली की तिचा लगदा होतो. दुपारी केकसारखा दिसणारा चेहरा पाहून बऱ्याच जणी कॉम्पॅक्ट बदलतात. बदलायला हवा असतो तो हा क्रम.

कॉम्पॅक्टची एक खोड माहीत असलेली बरी. काही आठवड्यांनी त्याच्यावर गुळगुळीत, चकचकीत, कडक पापुद्रा धरतो आणि कितीही घासलं तरी पावडर येत नाही. ती संपलेली नसते, खराबही नसते. स्पंजवरून चेहऱ्याचं तेल परत वडीवर गेलेलं असतं. चिकटपट्टी त्यावर अलगद दाबून उचला, पापुद्रा निघून येतो आणि खाली नवी मऊ पावडर मिळते. हे वारंवार होत असेल तर स्पंज धुवायची वेळ झाली आहे. मुरुमं येणाऱ्यांनी तर स्पंज आणि पफ आठवड्यातून एकदा तरी साबणाने धुवून पूर्ण वाळवावेत. लूज पावडर झाकणात काढून घेतली की वापरलेला पफ डबीत बुडत नाही, त्यामुळे स्वच्छतेत ती थोडी पुढे आहे.

आता रंग. पारदर्शक म्हणून विकली जाणारी पावडर प्रत्येक त्वचेवर पारदर्शक दिसत नाही. डबीत ती पांढरी असते, आणि सावळ्या किंवा गडद त्वचेवर तिचा राखाडी थर उमटू शकतो, विशेषतः डोळ्यांखाली. ‘सर्वांना चालणारी’ हे वाक्य मी त्यामुळे कधीच गृहीत धरत नाही. गडद त्वचेसाठी किंचित पिवळसर, पीच किंवा आपल्या रंगाच्या जवळची छटा जास्त नैसर्गिक दिसते. दुसरी गोष्ट फोटोंची: सिलिका भरपूर असलेली पावडर साध्या उजेडात सुंदर दिसते, पण फ्लॅश पडला की तो प्रकाश परत फेकते आणि फोटोत डोळ्यांखाली पांढरे धब्बे येतात. रोज ऑफिसला जाताना याचं काही नाही. समारंभाला जाण्याआधी मात्र घरी फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

कॉम्पॅक्ट बहुधा रंगाचा असतो, म्हणून तिथे छटा चुकली तर लगेच दिसते. तेल मिसळल्यावर तो थोडा गडदही होतो. एकाच डबीत फाउंडेशन आणि पावडर असलेले प्रकारही मिळतात. ते जास्त झाकतात, पण द्रव फाउंडेशनवर वरून लावायला नकोत, थर फार होतो. नुसत्या सनस्क्रीनवर ते चांगले.

सनस्क्रीनवरून आठवलं. कॉम्पॅक्टवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा, लिहिलेला असतो म्हणून सनस्क्रीन वगळू नका. तो आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजतात. पावडर इतकी कुणी लावत नाही आणि लावली तर चेहरा बघवणार नाही. सनस्क्रीन आधी, ते बसायला काही मिनिटं, मग पावडर. ओल्या सनस्क्रीनवर पावडर टाकली की तिचे चट्टे पडतात.

टाल्कबद्दलची काळजी बऱ्याच जणींच्या मनात असते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’, म्हणजे २अ गटात टाकलं. माणसांमधला पुरावा त्यांनी मर्यादित म्हटला आहे, आणि तो मुख्यतः अंडाशयाच्या कर्करोगाबद्दलचा आहे. हे गट पुरावा किती भक्कम ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. दुसरा प्रश्न अ‍ॅसबेस्टॉस या कर्करोगकारक तंतुमय खनिजाचा: जमिनीत ही दोन खनिजं शेजारी सापडू शकतात, म्हणून टाल्कची शुद्धता तपासलेली असणं महत्त्वाचं. मन साशंक असेल तर टाल्कविरहित पावडर घ्या, आणि शक्यतो दाबलेली, म्हणजे श्वासातून आत जाण्याचा प्रश्नही बराच कमी होतो. टाल्कचा तो रेशमी सरकपणा स्टार्चच्या पावडरीत तितकासा मिळत नाही, एवढी तडजोड मला मान्य आहे.

मग कुणी काय घ्यावं?

त्वचा तेलकट, फाउंडेशन रोज लावता आणि निघताना घरी दहा मिनिटं मिळतात: लूज पावडर घ्या, आणि पर्समध्ये दुसरी पावडर न ठेवता टिपकागद ठेवा. दिवसभरात दोनदा तेल टिपलं तर पुन्हा पावडर लावायची गरज बहुतेक वेळा पडतच नाही. फाउंडेशन लावत नाही, सनस्क्रीन आणि थोडं काजळ एवढाच मेकअप: कॉम्पॅक्ट, आपल्या रंगाचा, ब्रशने. कोरडी किंवा वयानुसार सुरकुतलेली त्वचा असेल तर पूर्ण चेहऱ्यावर काहीच नको. मॉइश्चरायझर मुरू द्या आणि अगदी बारीक लूज पावडर लहान ब्रशने नाकाच्या बाजूला आणि डोळ्यांखाली, जिथे मेकअप सरकतो तिथेच. गालांवरची लव पावडरने उठून दिसते, म्हणून गाल मोकळेच ठेवा. आणि चेहऱ्याला तेल सुटत नसेल, मेकअप सरकत नसेल, तर पावडर घेऊच नका. ती मेकअपची सक्तीची पायरी नाही.

सगळ्यांसाठी एकच डबी निवडायला सांगितली तर मी बारीक दळलेला, आपापल्या रंगाच्या जवळच्या छटेचा कॉम्पॅक्ट निवडेन. ब्रशने लावला तर तो लूज पावडरचं बरंचसं काम करतो; उलट लूज पावडर पर्समधल्या कॉम्पॅक्टची जागा घेऊ शकत नाही.

घेताना रंग हाताच्या पाठीवर बघून ठरवू नका, तिथली त्वचा चेहऱ्यापेक्षा वेगळी असते. जबड्याच्या कडेला थोडी पावडर लावा, दुकानाच्या दिव्यांतून बाहेर दिवसाच्या उजेडात या, आणि जमलं तर तासाभराने पुन्हा बघा. तोवर त्वचेचं तेल तिच्यात मिसळलेलं असतं, आणि छटा गडद किंवा नारिंगी होणार असेल तर ती तेव्हाच कळते.