वीकेंड डिझाईन कोर्स: ब्रेनस्टॉर्मिंग ठीकठाक, प्रोटोटायपिंग मात्र पैसा वसूल

पुण्यातला एक वीकेंड डिझाईन कोर्स नुकताच केला, कुठला ते लिहीत नाही कारण खाली थोडी नावं ठेवणार आहे. विषय दिला होता घरातल्या वयस्कर माणसांच्या गोळ्यांचा, म्हणजे सकाळची कुठली, रात्रीची कुठली, घेतली की राहिली, सगळ्यांकडे असतोच हा गोंधळ.

आधी ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी मिळून भराभर आयडिया काढायच्या. सरांनी ऑसबॉर्नचे नियम सांगितले, अमेरिकेतला हा जाहिरातवाला, त्यानेच हे प्रकरण गाजवलं. कुणाच्या आयडियाला लगेच मोडता घालायचा नाही, जितक्या जास्त तितकं बरं, अचाट काही सुचलं तरी बोला, दुसऱ्याच्यात भर घाला. ऐकायला भारी. पण आमच्या ग्रुपमधला आयटीवाला दादा सुरुवातीलाच 'ॲप करू' म्हणाला आणि मग भिंतीवर ज्या चिठ्ठ्या चिकटल्या त्या सगळ्या ॲपच्याच, आठवण करणारं ॲप, मुलाला मेसेज पाठवणारं ॲप, बोलणारं ॲप!! दोन मुली कोपऱ्यात काहीतरी छान काढत होत्या पण त्यांना बोलायला चान्सच मिळेना. आणि हे काय नवीन नाही हो, 1958 साली येल युनिव्हर्सिटीत प्रयोग झालाय, चार-चार जण एकत्र बसवले आणि तेवढेच वेगवेगळे बसवून त्यांच्या आयडिया नंतर एकत्र केल्या, तर वेगळे बसलेल्यांच्या जास्त निघाल्या. एक बोलत असताना बाकीचे नुसते थांबून राहतात, दुसरं काय होणार. नंतर क्रेझी एट्स घेतलं, ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ चौकोन, आठ मिनिटांत आठ चित्रं, तोंड बंद. तेव्हा कुठे त्या मुलींचा गोळ्यांचा डबा पुढे आला. हे आधीच का नाही घेतलं देव जाणे.

प्रोटोटायपिंगला, म्हणजे आयडियाचा कच्चा नमुना बनवून बघण्याला, मात्र फुल मार्क. पुठ्ठा, सनबोर्ड, मास्किंग टेप, ग्लू गन, आणि मॅडमचं एकच पालुपद, सुंदर नको, तासाभरात हातात धरता येईल असं करा. पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवाला जेफ हॉकिन्स खरं यंत्र व्हायच्या आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायचा, तो किस्सा इथे सांगितला. आमचा डबा बुटाच्या खोक्याचा, तीन वेळांचे तीन कप्पे. टेस्टिंगला जवळच्या सोसायटीतले आजी-आजोबा बोलावले होते, हे फार आवडलं. एका आजींनी डबा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "गोळी पाकिटातून काढून यात टाकली तर ती कुठली हे मला कसं कळणार? मी पाकीट बघून ओळखते, लाल अक्षरांचं ते बीपीचं." झालं, सगळे गार. मग तिथल्या तिथे कप्पे कापून अख्खी पाकिटं उभी राहतील असे केले, एका आजोबांना झाकण उघडेना म्हणून त्याला टेपची शेपटी लावली. ॲपवाल्या दादाने कागदावर स्क्रीन काढून आणल्या होत्या, आजोबा बोट पण लावेनात, "हे आमचा नातू बघतो" म्हणाले.

तक्रारी म्हणाल तर बॅच फार मोठी, ग्लू गनसाठी रांग, फी पण जरा चढीच. यूएक्सवाल्यांना, म्हणजे ॲप-वेबसाईट वापरायला सोपी करणाऱ्यांना, कागदी स्क्रीनचा भाग थोडका वाटेल, हाताने काही बनवायची आवड असेल तर जरूर करा. आणि कटर, स्टीलची पट्टी अप्पा बळवंत चौकातून आपापली घेऊन जा, तिथल्या कटरने सनबोर्ड कापत नाही, नुसता कुरतडला जातो.