भाड्याच्या घरांच्या नोंदी सॉफ्टवेअरवर नेल्या, त्याला दहा महिने झाले

आमची कंपनी मालकांच्या वतीनं घरं भाड्यानं देते आणि सांभाळते. १३० घरं, ४८ मालक, ऑफिसात आम्ही पाच जण. हिशेब माझ्याकडे. दहा महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं एक्सेलमध्ये चालायचं, मग भाडे-व्यवस्थापनाचं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली जे आहे ते अशा कुठल्याही सॉफ्टवेअरबद्दल पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिला महिना जुनी माहिती आत घेण्यातच गेला. आमच्या तारखा ०३/०४ अशा लिहिलेल्या, आणि सॉफ्टवेअरनं पहिला आकडा महिना म्हणून धरला. १३ तारखेपासून पुढच्या नोंदी ‘तारीख चुकीची’ म्हणून परत आल्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या. खरा घोटाळा १ ते १२ तारखेच्या नोंदींत होता. त्या बिनबोभाट आत गेल्या आणि ३ एप्रिलला आलेलं भाडं ४ मार्चला जमा दिसायला लागलं. भाडं बहुतेकांचं पहिल्या आठवड्यातच येतं, त्यामुळे जवळपास सगळीच थकबाकी खोटी ठरली. शेवटी आत गेलेलं सगळं पुसलं, तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहिल्या, २०२४-०४-०३ अशा, आणि पुन्हा सुरुवात केली. आयएसओ ८६०१ या मानकाचा क्रम हाच आहे. आता कागदावरच्या पावतीवरसुद्धा आम्ही तारीख अशीच लिहितो.

दुसरी अडचण एक्सेलची. तिथे आकडा १५ अंकांपेक्षा लांब असला की पुढचे अंक शून्य होतात. काही मालकांचे १६ अंकी खातेक्रमांक असे बिघडलेले निघाले. रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठेवलेला नसेल तर गेलेला अंक परत येत नाही. एकेका मालकाला फोन करून क्रमांक विचारावे लागले.

आता ज्या गोष्टीसाठी हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं ती सांगतो. आमच्या धंद्यात बँकेत दिसणारा बहुतेक पैसा आपला नसतो. भाडं मालकाचं, डिपॉझिट भाडेकरूचं, आपलं फक्त कमिशन. एक्सेलमध्ये मी बँकेची शिल्लक बघायचो, ती भरपूर असायची, की बिलं भरून मोकळा. चौथ्या महिन्यात एका मालकाच्या घराच्या गळतीचं बिल भरलं. ते घर दोन महिने रिकामं होतं. संध्याकाळी त्या मालकाचं खातं उघडलं तर शिल्लक वजा. बँकेत पैसे होते, पण त्यांचे नव्हते. बाकीच्या ४७ मालकांच्या पैशातून एकाचं बिल भरलं गेलं होतं. हे एक्सेलच्या काळात किती वेळा झालं असेल म्हणून मी मागचं एक वर्ष उकरून काढलं. सात वेळा झालं होतं. कुणाचा पैसा बुडाला नाही, पण हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि याचीच मला जास्त भीती वाटली.

तेव्हापासून महिनाअखेरीला तीन आकडे जुळवतो: बँकेच्या स्टेटमेंटची शिल्लक, आमच्या रोख-बँक वहीची शिल्लक, आणि सगळ्या मालकांच्या व भाडेकरूंच्या खात्यांची बेरीज. पहिले दोन जुळले आणि तिसरा नाही जुळला, तर एखादी रक्कम कुणाच्याच खात्यावर चढलेली नाही, किंवा चुकीची चढलीय. मालकाचं खातं वजा होणार असेल तर पेमेंट अडवायची सोय या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. ती सुरू करून घ्या, पहिल्याच दिवशी.

डिपॉझिटचंही तसंच. तयार आलेल्या खात्यांत डिपॉझिट ‘इतर उत्पन्न’ खाली टाकलेलं होतं. ते उत्पन्न नव्हे, देणं आहे. भाडेकरू घर सोडेल त्या दिवशी ते परत द्यायचंय, आणि वजावट केलीच तर तिचं बिल दाखवून. ते खातं आम्ही देण्यांच्या बाजूला हलवलं.

अर्धवट महिन्याचं भाडं हा छोटा पण सतत वाद होणारा विषय. सॉफ्टवेअर महिन्याच्या खऱ्या दिवसांनी भागतं, आमच्या करारात मात्र दर महिना ३० दिवसांचा धरलाय. ३१ दिवसांच्या महिन्यात दहा दिवसांचं भाडं दोन्हीकडे वेगळं येतं. सेटिंगमध्ये बदलता येतं, तोवर तीन पावत्या चुकल्या होत्या.

घराच्या अवस्थेच्या नोंदींनी तर आमचं कामच बदललं. गेल्या महिन्यात एक भाडेकरू घर सोडून गेला. मालकांचा फोन आला, “अहो, बाथरूमचं दार खालून फुगलंय. डिपॉझिटातून कापा.” मी ताबा दिला त्या दिवसाची नोंद उघडली. दाराचा खालचा डावा कोपरा, प्लाय सुटलेला, फोटोत स्पष्ट. त्याच संचात वीज मीटरचं रीडिंग, खाली भाडेकरूची सही. फोटो त्यांना पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, “बरं, मग पूर्ण परत द्या.” असा वाद पूर्वी दोन-दोन महिने चालायचा. एकच काळजी घ्या: फोटो ॲपमधूनच काढा. मेसेजवरून आलेल्या फोटोतली वेळेची माहिती बहुतेकदा गळून गेलेली असते.

आता तक्रार. रक्कम बदलली तर कुणी, कधी बदलली, आधी काय होती, हे सगळं राहतं, आणि हे चांगलंच आहे. तरीही आम्ही ऑफिसात नियम केलाय की चुकलेली नोंद बदलायची नाही, तेवढीच रक्कम उलट बाजूला टाकून ती रद्द करायची आणि मग नवी नोंद करायची. पण नोंदीला जोडलेलं बिल कुणी काढून टाकलं तर त्याचा मागमूस उरत नाही. गटारदुरुस्तीचं एक बिल असंच गेलं. कुणाच्या हातून गेलं ते कधीच कळणार नाही, आणि मालकांना प्लंबरकडून दुसरी प्रत आणून द्यावी लागली. मदत केंद्रानं ‘सध्या सोय नाही’ एवढंच कळवलं. ज्या वहीत पुरावा गुपचूप काढता येतो ती वही अर्धीच, असं मी त्यांना लिहिलंय. किल्ल्यांसाठी तर रकानाच नाही, त्यामुळे ते रजिस्टर अजून कागदावर.

माहिती बाहेर काढायचंही अवघड आहे. आकडे सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत, एकदम मिळतात, पण करारपत्रं आणि फोटो घरागणिक उतरवावे लागतात. तरीही आम्ही ते दर महिन्याला करतो: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसाबाहेर.

वर्गणी आणखी एका वर्षासाठी भरणार आहोत. गेल्या शुक्रवारी बाहेरची प्रत एका कोऱ्या संगणकावर उघडून पाहिली. १३० घरांची खाती जुळली. दोन करारपत्रं उघडली नाहीत. त्यांचे मूळ कागद कपाटातून काढून ठेवलेत, सोमवारी पुन्हा स्कॅन करतोय.