अमुरोची 'फायनली', ८ महिने ऐकल्यावर (मधे प्लेअरही बंद पडला)

अमुरो नामिए म्हणजे जपानची पॉप गायिका, नव्वदच्या दशकात तिची नक्कल करत उंच बूट आणि बारीक भुवया मिरवणाऱ्या मुलींना 'अमुरा' म्हणत, एवढं सांगून थेट मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०२३ मधे तिची गाणी सगळ्या स्ट्रीमिंग ॲप्सवरून गायब झाली, का ते कुणी सांगितलं नाही. सकाळी ट्रेनमधे प्लेलिस्ट उघडली तर सगळी नावं करडी, दाबलं तरी काही वाजेना. म्हणजे दर महिन्याला पैसे जिच्यासाठी भरतोय तीच नाही. डोकंच फिरलं. मी तोक्योत निशी-कासाईला राहतो, त्याच संध्याकाळी स्टेशनजवळच्या सेकंडहँड दुकानात गेलो आणि 'फायनली' हा तिच्या गाजलेल्या गाण्यांचा ३ सीडींचा सेट ५०० येनला उचलला. बाजूला तिची १९९८ ची सीडी '१८१९२०' होती ११० येनला, तीही घेतली. स्वस्त का, तर खपल्याच तेवढ्या, एकट्या 'फायनली'च्या २० लाखांवर गेल्या, आता लोक घर आवरताना विकतात.

५२ गाणी ५०० येनला, म्हणजे गाण्याला १० येनसुद्धा नाही. पण पहिला महिना मी नाराजच होतो. तिनं २० सप्टेंबर २०१७ ला, चाळिसाव्या वाढदिवसाला, वर्षभरानं गाणं सोडणार असं जाहीर केलं आणि नोव्हेंबरात हा सेट आला, त्यात जुनी गाणी बहुतेक सगळी नव्यानं गायलेली आहेत. मला १९९७ चं 'कॅन यू सेलिब्रेट' हवं होतं, २२ लाखांवर खपलेलं, इथल्या लग्नांत अजून वाजतं ते. नवं ऐकलं तर वाटलं की हे जपून गायलंय, घाई नाही, ताण नाही. तेव्हाचा तिचा संगीतकार कोमुरो तेत्सुया, त्याच्या चाली म्हणजे सगळं वरच्या पट्टीत, १९ वर्षांची पोरगी तिथपर्यंत पोचताना आवाज अगदी ताणला जातो, आणि मला तो ताणच आवडायचा. म्हणून पहिल्या महिन्यात ५ पैकी ३ दिले असते.

आता दुसरी तक्रार. पहिल्या सीडीच्या केसमधे मधोमध जे प्लॅस्टिकचे दात असतात ना, सीडी अडकवायचे, त्यातले २ मोडलेले. सीडी आत सैल, केस हलवली की खडखड आवाज. आणि नेमकं 'कॅन यू सेलिब्रेट' मधेच अडकायला लागलं, एकच अक्षर टक टक टक. ५ महिने मी त्या दोन दातांना शिव्या घातल्या. सीडी उजेडात धरून चरे शोधले, मऊ फडक्यानं आतून बाहेर अशी पुसली, शंभर येनच्या दुकानातून नवी केस आणली, तरी फरक शून्य.

मग मे मधे प्लेअरनंच सीडी वाचणं बंद केलं. साधा राजिकासे आहे, म्हणजे रेडिओ-कॅसेट-सीडी एकत्र असलेला, वरून झाकण उघडतं तो. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर नुसतं बघायचे ३,३०० येन आधी घेतले, १० दिवस ठेवून घेतला आणि म्हणे पार्ट मिळत नाही, नवा घ्या. बघायचे पैसे परत मागितले तर नियम दाखवला. अर्धा तास भांडलो, जपानीत भांडताना आधीच धाप लागते, मिळालं काहीच नाही. घरी येऊन झाकण उघडलं, औषधाच्या दुकानातून निर्जल इथेनॉल आणलं, कानकाडीवर थेंबभर घेऊन ती निळसर लेन्स हलक्या हातानं पुसली, १० मिनिटं सुकू दिली. सीडी घातली. वाजली! आणि 'कॅन यू सेलिब्रेट' कुठेही न अडकता शेवटपर्यंत गेलं. म्हणजे सीडीत दोष नव्हताच, लेन्सवर धूळ होती. त्या सेटबद्दल ५ महिने जे बोललो ते सगळं मागे घेतो.

त्या रात्री दोन्ही सीडी लागोपाठ लावल्या. '१८१९२०' हे नाव म्हणजे तिचं तेव्हाचं वय, १८, १९ आणि २०. त्यातलं 'कॅन यू सेलिब्रेट' गाणारी मुलगी लग्नाबद्दल विचारतेय आणि लग्न काय ते तिनं अजून पाहिलेलं नाही. १९९७ च्याच ऑक्टोबरात तिनं टीआरएफ या पॉप ग्रुपमधल्या डान्सर सॅमशी लग्न जाहीर केलं, मूल होणार होतं, करिअर अगदी शिखरावर असताना १९९८ मधे ती थांबली. वर्षअखेरीला कोहाकूच्या, म्हणजे ३१ डिसेंबरच्या टीव्हीवरच्या मोठ्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, मंचावर परत आली ती हेच गाणं घेऊन आणि गाता गाता रडली. १९९९ च्या मार्चमधे तिच्या आईची हत्या झाली. २००२ मधे घटस्फोट. कोमुरोची साथ सुटली, खप उतरला, तेव्हा तिनं जुनं गिरवत बसण्याऐवजी २००३ मधे 'स्वीट शीक' या वेगळ्या प्रकल्पातून हिपहॉप आणि आर अँड बी धरलं, पाच वर्षं त्यातच घासली आणि २००८ च्या 'बेस्ट फिक्शन' अल्बमनं पुन्हा १० लाख पार केले. हे सगळं होऊन गेल्यावर चाळिशीची बाई तोच प्रश्न त्याच शब्दांत परत विचारते, तेव्हा ती जपून गात नाहीये हो, तिला आता माहीत आहे आपण काय विचारतोय ते. मला हे कळायला ६ महिने गेले. आता जुनं ऐकलं की कौतुक वाटतं आणि नव्याला मात्र घसा दाटून येतो, दर वेळी.

बाकी सेटबद्दल थोडक्यात. मधल्या काळातलं 'बेबी डोन्ट क्राय' रात्री उशिराच्या ट्रेनमधे ऐकायचं गाणं आहे. 'होप' 'वन पीस' ही ॲनिमे मालिका बघणाऱ्यांना माहीत असेलच. ती सुरुवातीला ज्या ग्रुपमधे होती त्या सुपर मंकीजच्या काळातली गाणी नव्या आवाजात थोडी प्रौढ वाटतात, ती माझ्याकडून क्वचितच वाजतात.

आता ५ पैकी ५. शेवटच्या टूरची डीव्हीडी शोधतोय. तिच्या कार्यक्रमांत मधे बोलणं जवळपास नसायचंच, एकामागून एक गाणी, टाचांचे बूट घालून नाचत, घामानं केस चिकटलेले आणि आवाज जागच्या जागी. १६ सप्टेंबर १९९२ ला पदार्पण, १६ सप्टेंबर २०१८ ला निवृत्ती, तारीखसुद्धा तिनं तीच धरली, आणि आदल्या संध्याकाळी शेवटचं गायली ती आपल्या ओकिनावात. डीव्हीडी ३०० येनच्या आत कुठे दिसली तर सांगा, केसचे दात मोडलेले असले तरी चालेल.